ऑनलाइन डॉक्टरांना दाखवताना : इंदूरच्या मराठी घरांसाठी

व्हिडिओ कॉल संपला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "नीट बघितलंच नाही." हात लावला नाही, छातीला नळी लावली नाही, पाच मिनिटांत चिठ्ठी पाठवली आणि फी मात्र पुरी घेतली. यातली काही तक्रार रास्त असते. पण बरीचशी नाराजी कॉल लागायच्या आधीच तयार झालेली असते. दुखणं कॉलवर तपासता येण्यासारखं नसतं, डॉक्टरांना हवे ते आकडे हाताशी नसतात, नाहीतर मराठीत होणारा त्रास हिंदीत सांगताना भलताच होऊन बसतो. हे शेवटचं कारण इंदुरात कोणी मनावर घेत नाही, कारण चार पिढ्या इथे काढल्यावर आपली हिंदी पक्की आहे असं प्रत्येकाला वाटतं. बाजारहाटाची असते. दुखण्याखुपण्याची हिंदी वेगळी.

कॉल की रिक्षा?

हे आधी ठरवा. छातीत दाब किंवा जखडल्यासारखं होणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, बसल्या जागी धाप लागणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा, साप चावणं, एकाएकी दिसेनासं होणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, गरोदर बाईला रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणं : यापैकी काहीही असेल तर ॲप उघडू नका, १०८ लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. 'आधी ऑनलाइन विचारून बघू' यात गेलेला अर्धा तास त्याच साडेचारातून जातो.

दुसरा गट पोटदुखी, कानदुखी, नवी गाठ, सांध्याची सूज यांचा. इथे जिवावरचं काही नसेल, पण डॉक्टरांना दाबून, आत बघून, हलवून पाहावं लागतं. असल्या तक्रारीवर डॉक्टर "आकर दिखाइए" म्हणाले, तर ते त्यांचं काम बरोबर करताहेत. फी गेली म्हणून चिडण्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात किंवा एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आधीच गेलेलं बरं.

कॉलवर मनासारखं काम होतं ते बीपी, शुगर, थायरॉइडच्या जुन्या रुग्णांचं, रिपोर्ट दाखवण्याचं, पुरळ-गजकर्णाचं, साध्या सर्दी-तापाचं, शस्त्रक्रियेआधी दुसरं मत घेण्याचं आणि मनाच्या आजारांचं. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबरही आहे.

कोणत्या डॉक्टरांना?

भारतात टेलिमेडिसिनची नियमावली २५ मार्च २०२० रोजी आली. तिच्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर देशात कुठूनही कुठल्याही रुग्णाला सल्ला देऊ शकतात. म्हणजे मराठीतच बोलायचं असेल तर पुण्याचे किंवा नागपूरचे डॉक्टर निवडायला काहीच हरकत नाही, आणि पंचाहत्तरीच्या आजींसाठी तेच चांगलं. मात्र तपासायची वेळ आली तर तुम्ही इथे आणि ते तिथे. म्हणून जुन्या आजाराला इंदूरचे नेहमीचे डॉक्टर व्हिडिओवर बघतात का, हे आधी विचारा. त्याच आजारासाठी तुम्ही गेल्या सहा महिन्यांत त्यांना प्रत्यक्ष दाखवलं असेल तर नियमावली त्याला फॉलो-अप मानते, आणि फॉलो-अपमध्ये डॉक्टरांना जास्त औषधं लिहिता येतात. अनोळखी रुग्णाला पहिल्याच कॉलवर काही औषधं लिहायची त्यांना मुभाच नसते. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतली आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं तर ऑनलाइन लिहायला बंदीच आहे. झोपेची गोळी मिळाली नाही म्हणून दोन तारे देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पैसे खर्चायचे नसतील तर केंद्र सरकारची ई-संजीवनी मोफत आहे. मोबाइल नंबर, ओटीपी, मग टोकन, मग रांग. गर्दीच्या वेळी थांबावं लागतं, आणि हवे तेच डॉक्टर मिळतील असं नाही.

लहान मूल असेल तर कॉलवर मोठं माणूस सोबत लागतंच, हाही नियम आहे. आजोबांनी एकट्याने नातवाला फोनसमोर बसवलं तर चालतं. नातवाने स्वतःच कॉल लावलेला चालत नाही.

आकडे : डॉक्टरांचा हात आता तुमच्याकडे आहे

नाडी बघणं, ताप बघणं, बीपी घेणं ही कामं कॉलवर तुम्हाला करायची आहेत. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर गोळी वाढते.

बीपी घेण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न घेता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला, हात टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. मोजताना बोललं तर बीपी चढतं, बाहीवरून पट्टा बांधला तर चुकतं, आणि जाड दंडाला लहान पट्टा लावला तर हमखास जास्त येतं. गोळी बदलायची की नाही हे ठरवायला एका दिवसाचा आकडा पुरत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतलेली वही कॅमेऱ्यासमोर धरा. पुढचा प्रश्न असतो "नमक कम लेते हैं?" इंदुरात त्याचं खरं उत्तर पोह्यांवरच्या आणि वरणभातावरच्या शेवेपासून सुरू होतं. "वरून मीठ घेत नाही" एवढंच सांगून डॉक्टरांना फसवू नका. फसतं आपलंच बीपी.

ताप जिभेखाली घेत असाल तर गरम-गार काही घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबा. काखेत घेतला तर 'काखेतला' असं सांगा, तो थोडा कमी येतो. "अंग गरम लागतंय" याचा डॉक्टरांना उपयोग नाही. कधी, किती, आणि त्याआधी कोणती गोळी किती वाजता घेतली, हे तिन्ही हवं.

ऑक्सिमीटर लावताना बोट ऊबदार असावं, नेलपॉलिश नसावं, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्यावं. ९० च्या खाली स्थिर राहिला तर कॉल सोडा आणि निघा. (आधीपासून फुप्फुसाचा आजार असेल तर तुमची नेहमीची पातळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली असावी.)

शुगर तपासण्यापूर्वी हात साबणाने धुवून कोरडे करा. नुकताच आंबा कापलेल्या बोटाची शुगर आंब्याची येते. 'जेवणानंतर दोन तास' हे पहिल्या घासापासून मोजायचे. आणि सकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलबी झाल्यावर घेतलेल्या शुगरला उपाशीपोटीची म्हणू नये.

मुलांचं वजन आजच करा. आईने मुलाला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारात त्याची सिरपं वेगवेगळ्या ताकदीची मिळतात : कुणाच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, कुणाच्या २५०. "एक चमचा दिला" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. बाटलीचं लेबल वाचून दाखवा आणि मापाच्या टोपणाने किती मिली दिलं ते सांगा. घरातला चहाचा चमचा माप म्हणून वापरू नका.

मराठी दुखणं, हिंदी डॉक्टर

सगळ्यात घोळ घालणारा शब्द म्हणजे पित्त. आपण आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोकं चढणं या सगळ्याला "पित्त झालंय" म्हणतो, आणि अंगावर गांधी उठल्या तरी "पित्त उठलंय" म्हणतो. हिंदी डॉक्टरांच्या डोक्यात पित्त म्हटलं की पित्ताची थैली येते. पहिल्यासाठी "एसिडिटी, खट्टी डकारें, सीने में जलन" म्हणा, दुसऱ्यासाठी "पित्ती उछली है". औषधं पूर्ण वेगळी आहेत.

जुलाब तसाच फसवा. मराठीत तो त्रास आहे, हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. "जुलाब हो रहे हैं" याचा अर्थ बहुतेक डॉक्टर लावतात, पण "जुलाब लिया" आणि "जुलाब हुए" यात गोंधळ झाला की प्रश्नोत्तरांची गाडी रुळावरून जाते. "दस्त" म्हणा, आणि दिवसातून किती वेळा, पाण्यासारखे की रक्त-आव पडते, तेही.

पोटात गोळा येतो हे "पेट में गोला" झालं तर डॉक्टर गाठ शोधायला लागतात. तिथे "मरोड़" म्हणा. पायात गोळे येतात ते "पिंडली में नस चढ़ती है". दम लागतो हे "दम लगता है" केलं तर दमा ऐकू येतो. "साँस फूलती है" म्हणा आणि लगेच जोडा : किती पायऱ्यांनी, सपाट चालताना की आडवं पडल्यावर. आडवं पडल्यावर धाप लागते आणि दोन उशा लागतात, हे एक वाक्य डॉक्टरांची दिशा बदलू शकतं. मुंग्या येणं "झुनझुनी", बधिर होणं "सुन्न", मळमळ "जी मिचलाना", कणकण "हरारत", कळ "टीस".

चक्कर हा शब्द दोन्हीकडे एकच आहे आणि म्हणूनच धोक्याचा. खोली गरगर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे वेगळं सांगा : "सब घूमता है" किंवा "आँखों के आगे अँधेरा आता है". पहिल्यात कानाचा संशय आधी येतो, दुसऱ्यात बीपीचा, रक्त कमी असल्याचा किंवा हृदयाचा. नुसतं "चक्कर आते हैं" ऐकून दिलेली गोळी भलत्याच चकरेची असू शकते.

बायकांच्या तक्रारीत "अंगावरून जातं" हे सासूबाई जसं म्हणतात तसं हिंदीत जातच नाही. पांढरं असेल तर "सफ़ेद पानी", लाल असेल तर "ख़ून", आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर लाल जात असेल तर तेही न लाजता. तो कॉलवर मिटवायचा विषय नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवायचा आहे.

आणि 'कल'. हिंदीत तो कालही आहे आणि उद्याही. वार सांगा : "मंगलवार की रात से".

शब्द अडला तर हातवारे सोडून मराठीतच वर्णन करा. डॉक्टर एकदा "मतलब?" विचारतील, तेवढं चालतं. चुकीचा हिंदी शब्द ठासून सांगितला तर ते विचारणारही नाहीत.

फोटो आणि कागद

पुरळ, जखम, डोळा यांचे फोटो कॉलआधी पाठवा. व्हिडिओत रंग फिका पडतो आणि चित्र फुटतं. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, ब्यूटी फिल्टर बंद. एक फोटो लांबून, पुरळ अंगावर कुठे आहे ते कळण्यासाठी. दुसरा वीतभर अंतरावरून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. वर हळद, मलम, कोरफड काही लावलेलं नसावं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो, म्हणून एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू महत्त्वाची, जिथे मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात. केमिस्ट चार गोळ्या कापून देतो तेव्हा बहुधा नावच कापलं जातं, म्हणून पूर्ण पाकीट घरी आलं की लगेच फोटो काढून ठेवायची सवय लावा. आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, शेजारच्या काकूंनी दिलेली दुखण्याची गोळी, सगळं सांगा. दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीवर येतात. डॉक्टरांना ती गोळी माहीत नसेल तर ते बीपीचं औषध वाढवतील.

रिपोर्ट नवा आधी, जुना नंतर. एक्स-रेच्या फिल्मचा फोटो कितीही नीट काढला तरी अर्धवटच. लॅबकडून पीडीएफ मागा.

कॉलवर

उजेड तोंडावर, खिडकी पाठीमागे नको. फोन पोळीच्या डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीला ठेवा, हातात धरू नका. कुकर आणि मिक्सर बंद. ऐकू कमी येत असेल तर इअरफोन. चित्र अडकलं तर तसंच रेटू नका. "व्हिडिओ बंद करके ऑडियो पर बात करें?" असं सरळ विचारा, कारण अर्धवट ऐकू आलेला डोस फार धोक्याचा.

पहिलं वाक्य तयार ठेवा : काय, कुठे, कधीपासून, वाढतंय की कमी, आणि त्यासाठी आतापर्यंत काय केलं. "तीन दिन से बुखार, शाम को बढ़ता है, सबसे ज़्यादा १०२, मंगलवार की रात पैरासिटामॉल ६५० ली, चार घंटे उतरा." एवढ्यावर डॉक्टर थेट कामाच्या प्रश्नांवर येतात. कॉल दहा मिनिटांचा असेल तर एकच तक्रार न्या. जाता जाता "और हाँ, घुटना भी…" केलं की गुडघाही राहतो आणि तापही.

मुलगा बेंगळुरूहून तिसरा म्हणून जोडला जातो आणि सगळं तोच बोलतो, आई मान हलवत राहते, हे फार होतं. मग डॉक्टरांना मुलाचं ऐकू येतं, आईचं नाही, आणि आई नाराज राहते. पहिली दोन मिनिटं आईची, आकडे आणि कागद मुलाचे, अशी वाटणी करा. मध्ये दोन मिनिटं सून-मुलगा दोघांनी बाजूला व्हावं. लघवी, पाळी, मूळव्याध, रडू येणं हे बायका घरच्यांसमोर सांगत नाहीत.

फोन ठेवण्याआधी औषधं वाचून दाखवा आणि तीन गोष्टी विचारा : फरक किती दिवसांत पडायला हवा, नाही पडला तर काय करायचं, आणि कोणती लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठायचा. कॉल चांगला झाला की वाईट, हे बहुतेक वेळा या तीन उत्तरांवर ठरतं. उत्तरं मिळाली की चौथ्या दिवशी ताप नसला उतरला तरी माणूस घाबरत नाही, कारण काय करायचं ते माहीत असतं.

चिठ्ठी आणि केमिस्ट

चिठ्ठीवर तारीख, रुग्णाचं नाव-वय, डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि सही हवी. "ये वाली दे दो" असा मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे. नाव ओळखीचं नसेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. फीची पावती मागा, ती देणं बंधनकारक आहे.

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना आहेत. केमिस्टने "ये वाला नहीं है, दूसरा दे देता हूँ" म्हटलं तर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत का ते पाहा, नाहीतर क्लिनिकला फोटो पाठवून विचारा. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड कॉलनीतल्या दुकानात नसला तर दवा बाजारात बहुधा मिळतो.

तारे देताना

कॉल संपताच ॲप तारे मागतं. तेव्हा देऊ नका. तेव्हा आपण डॉक्टरांच्या वागण्याला तारे देत असतो, उपचाराला नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्दी-खोकल्यासाठी ऑनलाइन दाखवलेल्या रुग्णांपैकी ज्यांना ॲन्टिबायोटिक मिळालं त्यांनी पूर्ण पाच तारे जास्त वेळा दिले होते. विषाणूच्या सर्दीवर ॲन्टिबायोटिक चालतच नाही, हे त्यांच्या समाधानाच्या आड आलं नाही.

तीन-चार दिवसांनी चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा : आवाज-चित्र कसं होतं, डॉक्टरांनी ऐकून घेतलं का, पुढे काय ते सांगितलं का, फरक पडला का. लिंक तुटली तर तो ॲपचा दोष, त्यासाठी डॉक्टरांचे तारे कापू नका. पैसे परत मिळत नसतील तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार डॉक्टरांच्या वागण्याबद्दल असेल तर त्यांची नोंदणी असलेल्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरावर फोन करू नका. रिफंडसाठी यूपीआय पिन टाका किंवा स्क्रीन शेअर करा असं सांगणारा माणूस पैसे घ्यायलाच बसलेला असतो, कारण पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.